कोपराचं हाड मोडलंय, पण लिगामेंटपण शिवायचं का? दोन डॉक्टर, दोन मतं

कोलशेतकरीण | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, एरवी मी फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण आज डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितेय. रविवारी संध्याकाळी पावसात नवरा (वय ४३) स्कूटरवरून पडला. वेग काहीच नव्हता, सोसायटीच्या गेटपाशी वळताना पेव्हर ब्लॉकवरच्या शेवाळावरून चाक सरकलं आणि पडताना सगळेच करतात तेच ह्याने केलं, डावा हात टेकला. स्कूटरला ओरखडा नाही, पिशवीतल्या कोथिंबिरीची काडी मोडली नाही, आणि ह्याचं कोपर मोडलं.

जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे आत नेऊन हात ओढून काहीतरी केलं, स्लॅब (अर्धं प्लास्टर) बांधला आणि कागदावर रेडियल हेड फ्रॅक्चर एवढंच लिहून दिलं. रेडियल हेड म्हणजे कोपराखालच्या रेडियस नावाच्या हाडाचं कोपराकडचं टोक. सोमवारी ठाण्यातल्याच एका ऑर्थोकडे गेलो. ते म्हणाले रेडियल हेडचे तुकडे झालेत, दोन छोटे स्क्रू घालू, लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) आपोआप जुळतं, त्याला हात लावायचं कारण नाही. आज सेकंड ओपिनियनला वाशीला गेलो, त्यांनी सीटी करायला लावला आणि म्हणतात कोरोनॉइड म्हणून अजून एक हाड असतं त्याचं टोकही उडालंय, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट बहुतेक तुटलेलंच असणार, ते अँकर घालून शिवावं लागेल. मी म्हटलं मग एमआरआय करू का, तर म्हणे गरज नाही. आता मला सांगा, एमआरआय न करता ह्यांना लिगामेंट दिसलं कुठे? शुक्रवारची तारीख दिलीय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

पामबीचचा_पाव्हणा | मंगळवार, रात्री ११:३४

सेकंड ओपिनियन पहिल्यापेक्षा नेहमी महागच निघतं, हा नियम आहे. अँकर टाकायला नवरा काय जहाज आहे का? साधं सांगणाऱ्याकडे जा.

(काळजी घ्या, लवकर बरे होतील.)

नौपाड्याचे_काका | बुधवार, सकाळी ६:०५

आम्ही लहानपणी गावी आंब्यावरून पडलो, हेच कोपर. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आणि कसलासा पाला लावून दीड महिना बांधून ठेवलं. ना सीटी ना एमआरआय. आज ६८ वय आहे, हात उत्तम.

आडवळण | बुधवार, सकाळी ८:१२

काका, मागच्या कट्ट्याला मामलेदारची मिसळ खाताना तुम्ही पाव डाव्या हाताने का धरला होता ते आत्ता कळलं.

नौपाड्याचे_काका | बुधवार, सकाळी ८:२०

उजवा पूर्ण सरळ होत नाही आणि तोंडापर्यंत जरा कमी पडतो इतकंच. माणसाने मान पुढे न्यावी. अडत नाही काही.

दोन_दिवसांची_झोळी | बुधवार, सकाळी ९:०१

ताई, माझं गेल्या वर्षी अगदी हेच नाव होतं कागदावर, रेडियल हेड फ्रॅक्चर. सीवूड्स स्टेशनच्या जिन्यावर पाय सटकला. माझं ऑपरेशनच झालं नाही. डॉक्टरांनी सुईने कोपरातलं साचलेलं रक्त काढलं, आत बधिर व्हायचं इंजेक्शन दिलं आणि मग तळहात वर खाली, वर खाली फिरवून बघितला. दुखत नसताना फिरणं अडतंय का हे त्यांना बघायचं होतं. अडलं नाही, म्हणाले तुकडा आड येत नाहीये, झोळीत ठेवा आणि दोन दिवसांनी हलवायला लागा. मी घाबरत घाबरत हलवलं, आज सगळं नॉर्मल. लिगामेंटचा विषयच निघाला नाही. म्हणून मला तरी पहिल्या डॉक्टरांचं पटतंय.

रबाळे_एमआयडीसी | बुधवार, सकाळी ९:४०

मी डॉक्टर नाही, मशीनवाला आहे, पण बायकोच्या कोपराच्या वेळी जे समजून घेतलं ते सांगतो. गणपतीचा मांडव डोळ्यासमोर आणा. बांबू म्हणजे हाडं, काथ्याच्या दोऱ्या म्हणजे लिगामेंटं. एखादा बांबू तडकला आणि मांडव जागेवर उभा आहे तर बांबू बदला, विषय संपला. पण मांडव एकदा आडवा झाला असेल तर नुसते बांबू उभे करून चालणार नाही, कारण आडवा होताना दोऱ्या तुटल्याशिवाय तो पडूच शकत नाही. म्हणजे प्रश्न हाड किती मोडलं हा नाहीच. पडताना सांधा जागेवर राहिला होता की निखळला होता?

अस्थिमित्र | बुधवार, दुपारी २:१५

ओपीडी संपवून लिहितोय म्हणून उशीर. पेशंट न बघता कुठलं ऑपरेशन करा हे मी सांगणार नाही, पण विचार कसा करतात ते सांगतो. मांडवाचं उदाहरण आवडलं, पुढच्या पेशंटला तेच सांगणार आहे.

कोपर मागे निखळू नये म्हणून तीन गोष्टी राबत असतात. पुढून कोरोनॉइड, म्हणजे अल्ना या हाडाची चोच, दाराला पायाशी ठोकळा असतो तसा अडसर. बाहेरच्या अंगाने रेडियल हेडचा टेकू. आणि दोन्ही बाजूंची लिगामेंटं, त्यात बाहेरचं फार महत्त्वाचं. कोपर निखळलं, रेडियल हेड फुटलं आणि कोरोनॉइडही मोडलं, असं तिन्ही एकदम झालं की त्याला आमच्याकडे टेरिबल ट्रायड म्हणतात. हे नाव हॉचकिस या अमेरिकन सर्जनने १९९६ मध्ये दिलं, कारण त्या काळी अशा कोपरांचे निकाल खरंच भयंकर लागायचे. एक हाड बसवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, मग प्लास्टरच्या आतच कोपर परत सटकायचं. २००४ मध्ये कॅनडातल्या सर्जननी एक ठरलेला क्रम मांडला, आधी कोरोनॉइड, मग रेडियल हेड जोडा किंवा बदला, मग बाहेरचं लिगामेंट शिवा, आणि मग तपासा. आतलं लिगामेंट एवढं करूनही सांधा सटकला तरच. त्यानंतर निकाल बरेच सुधारले.

एमआरआयबद्दल. कोपर मागे निखळतं तेव्हा फाटायला सहसा बाहेरून सुरुवात होते, मग पुढचं मागचं आवरण, आणि आतलं लिगामेंट शेवटी. म्हणजे ते पूर्ण निखळलं होतं हे कळलं की बाहेरचं गेलेलं आहे हे जवळपास धरूनच चालायचं. ताज्या दुखापतीत एमआरआयमध्ये सगळीकडे रक्त आणि सूज दिसते, फाटलंय हे कळेल, पण सांधा टिकेल का हे त्यातून कळत नाही. ते भूल दिल्यावर कळतं. स्नायू सैल पडलेले असतात, सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) हात वाकवून सरळ करून बघितला की दिसतं. आणि रेडियल हेडपर्यंत जायचं तर चीर बाहेरच्याच बाजूने असते, वाटेत ते लिगामेंट डोळ्यांनीच दिसतं. कित्येकदा हाडावरून सोललेलंच सापडतं.

वर झोळीवाल्या ताईंचं कोपर निखळलेलं नव्हतं. कागदावर नाव एकच, पण दुखापती दोन.

तेव्हा कोलशेतकरीणताई, नर्सिंग होममध्ये हात ओढला म्हणता, तो का ओढला? ओढायच्या आधीचा एक्स-रे आहे का?

पामबीचचा_पाव्हणा | बुधवार, दुपारी २:३१

डॉक्टर, म्हणजे दोघांपैकी एक जण चुकतोय ना? सरळ सांगा की.

अस्थिमित्र | बुधवार, दुपारी २:४०

दोघांच्या हातात एकच माहिती होती का हे कळल्याशिवाय नाही सांगता येणार.

घणसोलीचा_बाप | बुधवार, दुपारी ३:२२

थोडं अवांतर. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना बागेतल्या घसरगुंडीवरून पडला, त्याचंही कोपर निखळलं होतं. मीही नेटवर वाचून लिगामेंट लिगामेंट करत बसलो होतो. तेव्हा डॉक्टर म्हणाले लहान मुलांमध्ये लिगामेंट हाडाच्या वाढीच्या कूर्चेपेक्षा मजबूत असतं, त्यामुळे ते फाटण्याऐवजी आपल्याबरोबर हाडाचा तुकडा उपटून घेतं. त्याचा आतल्या बाजूचा तुकडा नेमका सांध्यात अडकून बसला होता, तो काढून जागेवर स्क्रूने बसवला. म्हणजे एका अर्थी लिगामेंटच बसवलं, पण हाडासकट. मोठ्यांचे नियम मुलांना लावू नका, लहान मुलांचे पालक हा धागा वाचत असतील म्हणून लिहिलं.

आडवळण | बुधवार, दुपारी ४:०३

सचिनलाही कोपराचंच झालं होतं ना? तो खेळला की परत.

दोन_दिवसांची_झोळी | बुधवार, दुपारी ४:१०

तो टेनिस एल्बो हो. स्नायूबंधाचं दुखणं, पडून झालेलं नाही. २००५ मध्ये ऑपरेशन झालं होतं त्याचं.

आडवळण | बुधवार, दुपारी ४:१४

आणि नीरज चोप्रा? २०१९ मध्ये मुंबईतच कोपराचं ऑपरेशन आणि २०२१ ला टोकियोत भाला सुवर्णपदकापर्यंत. ताई, तुमच्या मिस्टरांना भाला आणून द्या.

कोलशेतकरीण | बुधवार, संध्याकाळी ७:५०

भाला नको, आहे त्या हाताने रिमोट फेकतोय तेवढा पुरे.

अस्थिमित्र, तुमचा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. म्हणतो हात विचित्र दिसत होता, मागे टोक आल्यासारखा, पण मी बघितलंच नाही, मला घेरी आली होती. मी फॉर्म भरत बाहेर होते. नर्सिंग होमला फोन केला तर म्हणतात जी एक्स-रेची प्लेट होती ती तुम्हाला दिली. ती स्लॅबच्या वरून काढलेली आहे, म्हणजे नंतरची. तिच्यात तर सांधा जागेवर दिसतो. दोन्ही डॉक्टरांनी तीच बघितली.

जुनं_दुखणं | बुधवार, रात्री ९:१५

इथे सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझं सहा वर्षांपूर्वी झालं. कोपर निखळलं, बसवलं, रेडियल हेडला स्क्रू, बाकी काही नाही. कुठे आणि कोणी ते सांगणार नाही, त्यात आता अर्थ नाही. एक्स-रे सुंदर होता. प्लास्टर निघालं, फिजिओ झाली, हात वाकायला सरळ व्हायला लागला, सगळे म्हणाले झकास. मग एक दिवस ऑफिसात खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठायला गेलो आणि कोपरात खट्ट झालं. दुखलं असं नाही, पण हाड आपल्या जागेवरून निघून परत आल्यासारखं. पोटात गोळाच आला. त्यानंतर दर वेळी. जमिनीवर टेकून उठणं बंद, रिक्षातून बाहेर पडताना दांडी धरणं बंद, पोराला काखेत धरून उचलणं बंद. इतरांना दिसायला काहीच नाही, त्यामुळे घरीसुद्धा वाटायचं की मी नाटक करतो.

वर्षभराने एका सर्जनने मला नेमकं तेच करायला लावलं, तळहात वरच्या दिशेला ठेवून खुर्चीवरून उठा म्हणाले, आणि मी अर्ध्यात थांबलो तेव्हा तेच म्हणाले, बस, कळलं. बाहेरचं लिगामेंट. या प्रकारच्या सटकण्याचं वर्णन ओ'ड्रिस्कॉल म्हणून सर्जन आहेत त्यांनी १९९१ मध्ये केलंय असं नंतर वाचलं. तोवर ते लिगामेंट शिवण्यासारखं उरलं नव्हतं, मनगटाजवळची एक शीर काढून त्याचं नवीन बनवलं. पहिल्याच वेळी शिवलं असतं तर एका ऑपरेशनात भागलं असतं. आज खुर्चीवरून उठतो, पण अजूनही उठायच्या आधी एक क्षण थांबतो.

अस्थिमित्र | बुधवार, रात्री ९:४८

खुर्चीचं वर्णन विद्यार्थ्यांना वाचून दाखवावं असं आहे. फक्त एक दुरुस्ती, काढतात ती शीर नाही, स्नायूची दोरी असते, पामारिस नावाची. आपल्याकडे तिलाही शीरच म्हणतात म्हणून गोंधळ होतो. काही जणांच्या हातात ती जन्मतःच नसते, मग दुसरीकडून घ्यावी लागते.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटेल की प्रत्येक निखळलेलं कोपर शिवायचंच. हाड न मोडता नुसतंच निखळलेलं कोपर बसवल्यावर बहुतेक वेळा टिकतं. लिगामेंटं फाटलेली असतात तरी! हाडांचा आकारच सांध्याला धरून ठेवतो, त्यामुळे काही दिवस स्लॅब आणि मग लवकर हालचाल. तीन आठवड्यांच्या वर बांधून ठेवलं तर उलट आखडतं. लिगामेंट फाटणं आणि लिगामेंट शिवायला लागणं यात फरक आहे. टेकू आणि अडसर शाबूत असतील तर दोरी आपली आपण भरून येते, ते तुटले असतील तर तिला भरून यायला सांधा जागेवर राहतच नाही.

पामबीचचा_पाव्हणा | बुधवार, रात्री १०:०२

हे वाक्य कळलं. पहिल्या डॉक्टरचं 'आपोआप जुळतं' हे नुसत्या निखळलेल्या कोपराला खरं आहे तर.

ठाणे_पूर्व | बुधवार, रात्री १०:३०

मनगटही तपासून घ्या, हे कोणी लिहिलं नाही. माझ्या भाच्याचं रेडियल हेड फुटलं होतं, सगळं लक्ष कोपराकडे, आणि तो सारखा म्हणायचा मनगट दुखतंय. कोपराखालच्या दोन हाडांच्या मधला पडदा मनगटापर्यंत फाटलेला निघाला. अशा वेळी रेडियल हेड नुसतं काढून टाकलं तर रेडियसचं हाड हळूहळू वर सरकतं आणि मनगटाची वाट लागते, म्हणून धातूचं बसवलं.

नौपाड्याचे_काका | बुधवार, रात्री १०:४१

आमच्या हाडवैद्याकडे तीळतेल पण होतं. मालिश करून बघा.

फिजिओ_नेरुळ | बुधवार, रात्री १०:४४

काका, हात जोडून विनंती, ताज्या कोपराला मालिश नाही!! कोपर हा सगळ्यात चिडका सांधा आहे. चोळलं, जोर लावून वाकवलं की स्नायूत नवीन हाड तयार होतं आणि सांधा दगडासारखा बसतो. असे पेशंट माझ्याकडे येतात, तेल चोळलेलं कोणी कबूल करत नाही, पण वासावरून कळतं.

कोलशेतकरीण | गुरुवार, सकाळी ७:३५

मिळाला!! पहिला एक्स-रे मिळाला, आणि कुठे मिळाला ते ऐका.

रविवारी आमच्याबरोबर बी विंगमधला एक मुलगा आला होता. त्याने तिथल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलंय 'सेक्रेटरी साहेब हे बघा तुमच्या पेव्हर ब्लॉकचा प्रताप'. त्यावर सत्तर मेसेजची मारामारी झाली, कंत्राटदार, मेंटेनन्स, शेवाळाला ब्लीचिंग पावडर कोण टाकणार, सगळं. मी ग्रुप म्यूट केलेला. काल रात्री झोप येईना म्हणून उघडला तर समोर नवऱ्याचं कोपर. मला काही कळत नाही त्यातलं, पण मलासुद्धा दिसलं, दंडाचं हाड पुढे एकटंच, आणि खालची दोन्ही हाडं सरकून त्याच्या मागे. दरवाजा चौकटीतून निघाल्यासारखा.

फोटो दोन्ही डॉक्टरांना पाठवला. वाशीवाले म्हणाले तेच वाटत होतं. आणि पहिल्या डॉक्टरांनी स्वतःहून फोन केला, म्हणाले निखळल्याचं कागदावर कुठेच नव्हतं, मी बसलेलं कोपर बघितलं आणि सीटी नव्हता, हा फोटो आधी दिसला असता तर मीही लिगामेंटचं बोललो असतो. मला बरं वाटलं त्यांचं. दोन मतं नव्हतीच, एक प्लेट कमी होती.

रबाळे_एमआयडीसी | गुरुवार, सकाळी ८:००

मांडव आडवा झाला होता तर. सोसायटीच्या भांडणांचा पहिल्यांदाच कोणालातरी उपयोग झालेला बघतोय.

पामबीचचा_पाव्हणा | गुरुवार, सकाळी ८:०९

जहाजाचा विनोद मागे घेतो. एक कामाचं सांगतो, मी इन्शुरन्समध्येच आहे. कॅशलेसचा अंदाजपत्रक फॉर्म जातो त्यात जे ऐन वेळी लागू शकेल तेही लिहून घ्या, रेडियल हेड जोडता नाही आलं तर धातूचं, आतलं लिगामेंट शिवायला लागलं तर जादा अँकर. नंतर टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारा मध्यस्थ) विचारतो हे आधी का नाही सांगितलं आणि डिस्चार्जच्या दिवशी पाच तास रिसेप्शनवर बसवतो. ऑपरेशनच्या संमतीपत्रातही तसंच असलेलं बरं, भूल दिलेल्या माणसाला विचारता येत नाही.

कोलशेतकरीण | शुक्रवार, रात्री १०:५५

झालं. अडीच तास लागले. सगळ्यांना थोडक्यात सांगते, थकलेय.

भूल दिल्यावर चीर द्यायच्या आधीच डॉक्टरांनी हात सरळ करून बघितला, ३५-४० अंशांच्या (० म्हणजे पूर्ण सरळ) पुढे सरळ करायला गेलं की कोपर मागे सटकत होतं म्हणे. आत रेडियल हेडचे तीन तुकडे होते, पण जोडता आले, स्क्रू बसले. तीनाच्या वर तुकडे असते तर धातूचंच घालणार होते. कोरोनॉइडचं टोक इतकं लहान की स्क्रू धरेना, मग जाड दोरा ओवून हाडाला भोकं पाडून मागच्या बाजूला गाठ मारली. आणि बाहेरचं लिगामेंट दंडाच्या हाडावरून सालीसारखं उपटून आलेलं, मध्ये फाटलेलं नाही. त्याला एक अँकर. तो अँकर मी बघितला हो, नमुन्याचा होता त्यांच्या टेबलावर, तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू आणि मागे दोऱ्याच्या शेपट्या. एवढ्याशा गोष्टीसाठी मी चार दिवस झोपले नाही.

मग हात उभा करून सोडून दिला, आपल्याच वजनाने सरळ होऊ दिला, सी-आर्ममध्ये बघितलं, सटकला नाही. म्हणून आतल्या लिगामेंटला हात लावला नाही. स्लॅबमध्ये तळहात जमिनीकडे ठेवलाय, विचारलं तर म्हणाले तसा ठेवला की बाहेरच्या बाजूवर ताण कमी येतो. करंगळी हलते, मुंग्या नाहीत.

जुनं_दुखणं | शुक्रवार, रात्री ११:०३

खूप बरं वाटलं वाचून.

फिजिओ_नेरुळ | शनिवार, सकाळी १०:२०

मस्त. आता माझं काम. तुमचे सर्जन हालचाल कधी सुरू करायची ते सांगतील, त्यांच्याआधी काही करू नका. सुरू झाली की एक लक्षात ठेवा, कोपर शरीरापासून बाजूला उचलायचं नाही. हात बाजूला पसरून शेजारच्या टेबलावरचा मोबाईल घेतला की हाताचं वजन नेमकं शिवलेल्या बाजूला ओढतं. निदान सहा आठवडे. मोबाईल, पाणी, रिमोट सगळं पोटाजवळ किंवा चांगल्या हाताकडे ठेवा. व्यायाम पाठीवर झोपून, दंड उभा छताकडे धरून वाकवणं सरळ करणं. विचित्र वाटतं पण त्या स्थितीत गुरुत्वाकर्षण सांध्याला आत दाबून ठेवतं. आमच्याकडे पेशंट छताकडे बघत पंख्याची पाती मोजतात.

आणि पूर्ण सरळ झाला नाही तर रडायचं नाही. मेयो क्लिनिकच्या सर्जननी १९८१ मध्येच मोजून ठेवलंय, ३० ते १३० अंशांत रोजची बहुतेक कामं होतात.

नौपाड्याचे_काका | शनिवार, सकाळी १०:२६

बघा. मी म्हणत होतो ना अडत नाही.

आडवळण | शनिवार, सकाळी १०:३१

काका तुमचं १३० नाहीये, तुमचा पाव तोंडापर्यंत जात नाही.

कोलशेतकरीण | दहा आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १:१५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून अपडेट. काल मोजलं, २५ ते १२५. तळहात वर फिरवताना अजून अडतो, सुट्टे पैसे घ्यायला दुसरा हात पुढे करतो. खुर्चीवरून हातांवर जोर देऊन उठायची परवानगी अजून नाही, पण परवा विसरून उठला, मी स्वयंपाकघरातून ओरडले आणि तो अर्ध्यातच थांबून म्हणाला, खट्ट नाही झालं गं. शर्टाचं वरचं बटण मीच लावते. स्कूटर विकायची नाही म्हणतो.

पेव्हर ब्लॉक तसेच आहेत. ग्रुप परत म्यूट केलाय.

ऐरोलीची_सून | चार महिन्यांनंतर, सोमवार, रात्री ११:४०

धागा वर काढतेय, माफ करा. सासरे ६१ वर्षांचे, आज संध्याकाळी बाथरूममध्ये पडले, उजवं कोपर. कॅज्युअल्टीत हात ओढून बसवला, स्लॅब बांधलाय. कागदावर रेडियल हेड फ्रॅक्चर लिहिलंय. उद्या ऑर्थोकडे जायचंय. त्यांना काय विचारू?

कोलशेतकरीण | सोमवार, रात्री ११:४६

विचारायचं नंतर. ओढायच्या आधी काढलेली प्लेट तुमच्याकडे आहे का? नसेल तर आत्ता, रात्रपाळी बदलायच्या आत, कोणालातरी परत पाठवा आणि स्क्रीनवरचा फोटो काढून आणायला सांगा.

ऐरोलीची_सून | सोमवार, रात्री ११:४९

दीर निघालेत.